माप काठापासून की मध्यापासून?

सप्टेंबर २०२२मध्ये बंगळुरूच्या आयटी पट्ट्यात माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून ऑफिस गाठत होती. आलिशान बंगल्यांच्या वसाहतींत बोटी फिरत होत्या. पाऊस जोराचा होताच, पण पाण्याची वाटही बुजवलेली होती.

या शहरातली जुनी तळी उतारावर साखळीसारखी बांधलेली. वरचं भरलं की पाणी ‘राजकालुवे’ म्हणजे मोठ्या नाल्यांतून खालच्या तळ्यात जायचं.

या नाल्यांपासून बांधकाम किती दूर हवं? शहराच्या २०१५च्या आराखड्यात मुख्य नाल्यासाठी ५० मीटर, दुय्यमसाठी २५ आणि लहान नाल्यासाठी १५ मीटर ठरले, तेही नाल्याच्या मध्यापासून. म्हणजे नाला जितका रुंद, तितकी काठावरची मोकळी जागा कमी! राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्ये माप काठापासून धरलं, दुय्यम नाल्याचं अंतर ३५ आणि लहानाचं २५ मीटर केलं. बांधकाम व्यावसायिक सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याने मंजूर झालेला आराखडा बदलण्याचा अधिकार लवादाला नाही, असं सांगत न्यायालयाने मार्च २०१९मध्ये तो आदेश रद्द केला.

कायद्याच्या अंगाने निकाल योग्यच. मग नियम सुधारायची जबाबदारी सरकारवरच येते, आणि ती टाळणं रहिवाशांवर अन्याय आहे.