हार्ड डिस्क बदलताना : आधी माहिती, मग यंत्र

घरातील संगणक जुना होतो तशी त्याची किंमत घटते; त्यात साठविलेल्या माहितीचे मोल मात्र वाढत जाते. कौटुंबिक छायाचित्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, खात्यांचे उतारे, मुलांचे प्रकल्प हे सारे हार्ड डिस्कवर विसंबून असते. ही डिस्क निकामी होऊ लागल्यास ती बदलणे फारसे अवघड नाही. परंतु कामाचा क्रम चुकला, तर यंत्र नवे होते आणि माहिती कायमची हरवते.

बिघाडाची चाहूल

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंची ५० तबकड्यांवर तेव्हा सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आकार पुढे तळहाताएवढा झाला, तत्त्व मात्र तेच राहिले. चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि केसाहूनही कितीतरी सूक्ष्म अंतर राखून त्यांवरून हेड फिरते. सतत हलणारे भाग कालांतराने झिजणारच.

फाइल उघडण्यास विलंब, संगणक मध्येच थबकणे, खटखट असा आवाज ही त्याची लक्षणे होत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते. ती मोफत प्रणालींच्या साहाय्याने वाचता येते. नादुरुस्त ठरून बदललेल्या जागांची संख्या वाढत असेल, तर डिस्कवर भरवसा ठेवू नये. नोंद निर्दोष दिसली, तरी ती हमी नव्हे.

पहिले काम : प्रत

शंका येताच, पुन्हा मिळू शकणार नाही अशी माहिती सर्वप्रथम बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावी. तत्पूर्वी डिस्क दुरुस्त करणारी प्रणाली चालवू नये. त्या ताणानेच आजारी डिस्क बंद पडू शकते. घासल्यासारखा आवाज येत असल्यास संगणक त्वरित बंद करून तज्ज्ञांकडे न्यावा. डिस्कचे आवरण घरी कदापि उघडू नये. धुळीचा कणही घातक ठरतो.

निवड आणि जोडणी

जोडणीचा प्रकार आधी पाहावा. रुंद, चपटी पट्टी असल्यास ती जुनी ‘आयडीई’ पद्धत. अरुंद केबल असल्यास २००३ पासून प्रचारात आलेली ‘साटा’. साटा असलेल्या संगणकात फिरते भाग नसलेली एसएसडी बसविल्यास वेगातील फरक सहज जाणवतो. जुन्या संगणकांना २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क पूर्णपणे वापरता येतेच असे नाही, हेही ध्यानी असावे.

काम करताना वीजपुरवठा बंद करून प्लग काढावा व पेटीच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत घालवावी. त्यानंतर केबल सोडवून, स्क्रू काढून नवी डिस्क त्याच जागी बसवावी. जुनी डिस्क बरीच बिघडली असल्यास तिची जशीच्या तशी नक्कल करण्याऐवजी कार्यप्रणाली नव्याने घालणे श्रेयस्कर. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. सुरक्षा-सुधारणा मिळत नसलेल्या संगणकावरून नेट बँकिंग टाळावे.

जुन्या डिस्कची विल्हेवाट

येथे अनेकांची गफलत होते. फाइल पुसली किंवा डिस्क झटपट ‘फॉरमॅट’ केली, तरी मूळ मजकूर बहुधा तसाच राहतो. केवळ त्याची अनुक्रमणिका नाहीशी होते. भंगारात दिलेल्या डिस्कवरून खाते क्रमांक, पॅन, स्वाक्षरीची प्रतिमा परक्या हाती पडू शकते. म्हणून डिस्क चालत असल्यास तिच्यावर सर्वत्र नवी माहिती लिहिणारी प्रणाली वापरावी. बंद पडली असल्यास तबकड्या मोडून घ्याव्यात. त्यानंतरच ती ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे सोपवावी.

नव्या डिस्कलाही आयुष्याची मर्यादा आहे. महत्त्वाच्या कागदपत्रांच्या किमान दोन प्रती, त्यांपैकी एक संगणकाबाहेर, असा नेम ठेवल्यास पुढचा बिघाड केवळ एका सुट्या भागाच्या खर्चावर निभावेल.