डाग कोणता, खूण कोणती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुना, डागाळलेला फोटो दुरुस्त करणे ही आज कुणालाही घरबसल्या शिकता येण्यासारखी गोष्ट आहे. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही. सवड आणि नजर मात्र लागते. पूर्वी हे काम स्टुडिओतला रिटचिंग करणारा कारागीर करी. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून तो सुरकुत्या हलक्या करी, छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरून काढी. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि ती पेन्सिल, तो कुंचला संगणकात गेला. गिंप नावाचे तसेच सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. नवशिक्याला ते पुरेसे आहे.

पुणेकरांना हे शिकायला एक खास कारण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. आणि मुठेकाठच्या पेठांतली घरे पाण्याखाली गेली. भिंतीवरच्या तसबिरी भिजल्या, पेटीतले अल्बम भिजले. पुढे पेठा सोडून काही कुटुंबे सिंहगड रस्त्याने आमच्या धायरीकडे राहायला आली, तेव्हा सामानातून ते फोटोही आले. शेजारपाजारच्या अशाच फोटोंवर माझा हात बसला.

पहिला धडा संगणकाबाहेरचा आहे. मूळ फोटो ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, एवढेच. पुरात भिजलेला फोटो कधी कधी काचेला चिकटून बसलेला असतो. तो ओढला तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. म्हणून काचेसकटच स्कॅन करावा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, पासपोर्टच्या आकाराला १२०० ठेवावे. फाइल टिफ स्वरूपात साठवावी, कारण जेपीजी फाइल दुरुस्त करून दर वेळी साठवताना थोडी थोडी खराब होते. मग तिची प्रत काढावी आणि काम प्रतीवरच करावे.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा. याचे कारण मजेशीर आहे. संगणकातले चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांचे बनलेले असते. पाण्याचा पिवळसर डाग निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून निळ्या थरात तो काळाकुट्ट दिसतो. लाल थरात मात्र जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा तिन्ही थर वेगवेगळे पाहावेत आणि लाल थर स्वच्छ असेल तर तेवढाच ठेवावा. निम्मे काम तिथेच होते.

त्यानंतर ‘लेव्हल्स’ने फिकटपणा घालवावा. सर्वांत गडद जागा काळी आणि सर्वांत उजळ जागा पांढरी होईल इतपतच. उरलेल्या ठिपक्यांसाठी दोन हत्यारे आहेत. ‘क्लोन’ शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून डागावर ठेवते. साडीचा काठ, खुर्चीची कड यांसाठी ते चांगले. ‘हीलिंग’ शेजारचा पोत घेते, पण उजेड-सावली जागेवरची ठेवते. त्वचेला आणि आकाशाला ते बरे. दोन्ही वेळा ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा घ्यावा. सुरुवात मागच्या पडद्यापासून करावी, चेहऱ्याला शेवटी हात लावावा.

खरी परीक्षा चेहऱ्यावरच होते. शेजारच्या एका काकूंनी त्यांच्या आईचा पुरात भिजलेला फोटो आणला होता. गालावर बारीक बारीक ठिपके होते. ब्रश फिरवला असता तर मिनिटभरात गाल गुळगुळीत झाला असता. मी आधी विचारले. काकू म्हणाल्या, “अहो, ते देवीचे व्रण. आईला लहानपणी देवी आल्या होत्या.” पाण्याचा डाग आणि देवीचा व्रण यांतला फरक संगणकाला कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही ठिपकेच.

आपल्याला तो ओळखता येतो. डाग चेहऱ्याची कड ओलांडून मागच्या पडद्यावर जातो, व्रण त्वचेपुरताच राहतो. डाग एकाच फोटोत असतो, तीळ त्या माणसाच्या दुसऱ्या फोटोतही सापडतो. तरी शंका उरली तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि सांगणारे कुणी नसेल तर ती जागा तशीच सोडावी.

हे आज अधिकच सांभाळायला हवे. मोबाइलवरची कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप्स पुसट चेहरा क्षणात लख्ख करून देतात. पण जे फोटोत उरलेलेच नाही ते ती अंदाजाने भरतात. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे-ओठ बसवतात. फोटो देखणा होतो, माणूस मात्र थोडा परका होतो. ज्या नातवंडांनी पणजीला पाहिलेलेच नाही, त्यांना तो परका चेहराच खरा वाटणार.

म्हणून नवशिक्यांनो, नियम साधा ठेवा. काळाने फोटोवर टाकलेले काढा; आयुष्याने चेहऱ्यावर ठेवलेले राहू द्या. दुरुस्त प्रत भिंतीवर लावा, मूळ फोटो जपून ठेवा आणि त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव लिहा. नाव सांगणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.