ओढणे वेगळे, पेलणे वेगळे

२०२४ च्या मे महिन्यात आईला घेऊन मी धाकट्या भावाकडे अमेरिकेला गेले होते. तो मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळ राहतो. भावजय धारवाडची. त्यामुळे घरात मराठी, कन्नड आणि मुलांचे इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकाच ताटात. मुले आईला ‘अज्जी’ म्हणतात आणि मला ‘अत्ते’. आपल्या बेळगावकडच्या कितीतरी घरांत असेच चालते, म्हणून तिथे परके असे काही वाटले नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा भावाच्या डोक्यात एकच विषय होता. जुलैच्या सुटीत सगळ्या कुटुंबाला घेऊन राज्याच्या उत्तर टोकापर्यंत जायचे आणि त्यासाठी ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे छोटे घर. त्यात पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी असे सगळे असते. त्याला स्वतःचे इंजिन नसते, गाडीने ओढून न्यावे लागते. भावाकडे ओढायला पिकअप होताच. तिथे त्याला ‘हाफ टन’ पिकअप म्हणतात. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा या सगळ्या त्याच वर्गातल्या. पूर्वी अशा गाडीत सुमारे अर्धा टन, म्हणजे १,००० पौंड ओझे घालता येई, त्यावरून हे नाव पडले. आजच्या गाड्या त्याहून जास्त ओझे घेतात, पण नाव तेच राहिले आहे. (एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम.)

भावाने एका विक्रेत्याकडे ट्रेलर पाहून ठेवला होता. आम्हीही बघायला गेलो. ३२ फूट लांब, आत शिरल्यावर एखाद्या फ्लॅटमध्ये आल्यासारखे वाटावे असा. एका टोकाला दाराची वेगळी खोली होती. भाऊ म्हणाला, “ही आईची. तिला गुडघ्यांचा त्रास, रात्री दोनदा उठावे लागते. तिला तिची खोली हवी.” त्याच्या मनात दिखाव्याचे काही नव्हते, आईची सोय हाच विचार होता. विक्रेत्यानेही खात्री दिली, “तुमचा पिकअप ११,००० पौंड ओढतो. हा ट्रेलर सामान भरून जास्तीत जास्त ७,६०० पौंडांचा. काळजीच नाही.” दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचे ठरले.

संध्याकाळी शेजारचे निवृत्त गृहस्थ गप्पा मारायला आले. वीसेक वर्षे ट्रेलर घेऊन फिरलेला माणूस. त्यांनी माहितीपत्रक पाहिले आणि काही न बोलता पिकअपचे चालकाकडचे दार उघडले. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर लिहिले होते, प्रवासी आणि सामान यांचे एकूण वजन १,५६० पौंडांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणाले, “ते ११,००० जाहिरातीतले. तुमच्या गाडीचा आकडा हा.”

या आकड्याला पेलोड म्हणतात, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती भार घेऊ शकते तो आकडा. मागे किती ओढू शकते हा आकडा वेगळा. ओढण्याची क्षमता ठरवण्याची जी प्रमाण चाचणी आहे, तीत गाडीत चालक आणि एकच प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पौंडांचे. म्हणजे जाहिरातीतल्या गाडीत आजी नसते, नातवंडे नसतात, तांदळाची पिशवीही नसते.

मग ट्रेलर मागे चालत असताना त्याचा पेलोडशी संबंध काय? शेजारी ते इंग्रजीतून समजावत होते आणि मी आईला मराठीतून सांगत होते. सांगता सांगता आईनेच मला थांबवले. “म्हणजे आपली बैलगाडीच की! भार मागं गेला तर उलाळ होणार न्हवं?”

आईचे माहेर बेळगाव तालुक्यातले, शेतकऱ्याचे. गाडी म्हणा की चक्कडी, ती भरताना ओझे किंचित पुढे ठेवतात हे तिने लहानपणापासून पाहिलेले. थोडा भार जुवावर आलाच पाहिजे. ओझे मागे गेले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार पुढे आले तर बैलांचे खांदे सोलतात. ट्रेलरचेही नेमके तसेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवाटे पिकअपच्या मागच्या भागावर यावा लागतो. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो आणि पुढच्या गाडीलाही फिरवतो. हा दांडीचा भार पिकअपच्या पेलोडमधूनच जातो. बैल किती ओढतो ते एक आणि त्याच्या खांद्यावर किती सोसते ते दुसरे.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर भावजयीने हिशेब मांडला. भाऊ १८० पौंड, ती स्वतः १४०, मुलगा ११०, मुलगी ६०, आई १२०. एकूण ६१०. पिकअपच्या मागच्या हौद्यात बर्फाची पेटी, जळण, खुर्च्या, अवजारे मिळून २००. ट्रेलर जोडण्याचा लोखंडी सांगाडा ९०. झाले ९००. ट्रेलर ७,६०० पौंडांचा भरला आणि त्याचा १३ टक्के भार दांडीवर धरला तर ९८८. बेरीज १,८८८. पिवळी चिठ्ठी सांगते १,५६०. म्हणजे ३२८ पौंड, जवळजवळ दीडशे किलो जास्त.

आई ऐकत होती. आकडे तिला पुरते कळले नसतील, पण त्या यादीत आपले वजन आहे एवढे कळले. शांतपणे म्हणाली, “मी राहते घरी. तुम्ही मोठी घ्या आणि पोरांना फिरवून आणा.”

कोणीच काही बोलेना. ज्या आईला वेगळी खोली मिळावी म्हणून मोठा ट्रेलर, त्या ट्रेलरमुळे आईलाच गाडीत जागा उरत नव्हती. शेवटी भावजय म्हणाली, “अत्ती, नीवु बरदिद्र नावू होगूदिल्ल.” आणि तिने कागद भावापुढे सरकवला. आईला वगळले तरी २०८ पौंड जास्तच होत होते. आई आणि दोन्ही मुले घरी ठेवली तरी ३८ पौंड जास्त! म्हणजे वजन माणसांचे जास्त नव्हतेच, ट्रेलरचे होते. बयाणा दिला गेला नाही.

मग हिशेब उलटा केला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट हीच. आधी ट्रेलर पसंत करून मग गाडीला जमेल का हे विचारायचे नाही. आधी माणसे मोजायची, मग सामान, आणि जे उरेल त्यात बसेल तो ट्रेलर. १,५६० मधून ९०० गेले, उरले ६६०. हा जर १३ टक्के असेल तर भरलेला ट्रेलर साधारण ५,००० पौंडांचा हवा. पुढचे दोन शनिवार आम्ही तोच आकडा धरून फिरलो. मिशिगनच्या दक्षिणेला लागूनच इंडियाना राज्य आहे आणि तिथला एल्कहार्ट परिसर ट्रेलरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे बघायला ट्रेलर पुष्कळ होते.

प्रत्येक ठिकाणी विक्रेते रिकाम्या ट्रेलरचे वजन आधी सांगत. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोणी फिरत नाही. बघायचा तो भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाचा आकडा. माहितीपत्रकातला दांडीचा भारही बहुधा रिकाम्या ट्रेलरचा असतो. गॅसची नळकांडी आणि बॅटरी पुढच्या दांडीवरच बसतात, ती आली की तो वाढतो. पाण्याचेही तसेच. ४० गॅलनची टाकी भरली की सुमारे १५० लिटर, म्हणजे १५० किलो. मुक्कामाच्या जागी नळ असेल तर ते वजन रस्त्याने वाहून नेण्यात अर्थ नाही. ‘आठ जण झोपू शकतात’ या पाटीवरही जाऊ नये. तो आकडा टेबल मोडून केलेला पलंग धरून असतो आणि त्या आठांच्या वजनाचा त्यात विचार नसतो.

शेवटी जो ट्रेलर घेतला तो २२ फुटी. रिकामा ३,९०० पौंड, भरून कमाल ५,०००. घेण्यापूर्वी आम्ही सगळे आत जाऊन अर्धा तास खरोखर झोपून पाहिले. आईला पायऱ्या चढायला लावल्या, दाराजवळची दांडी तिच्या हाताला येते का पाहिले, संडासात बसून उठता येते का पाहिले. वेगळी खोली नव्हती. पुढचा मोठा पलंग आईला आणि नातीला, मागचा बंक नातवाला, आणि भाऊ-भावजयीने रोज रात्री जेवणाचे टेबल खाली करून त्यावर गादी घालायची असे ठरले. आई संकोचली, पण नात खूश झाली. अज्जीच्या कुशीत गोष्ट ऐकत झोपायला मिळणार होते.

ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतात. त्यांचे नियंत्रण चालकाच्या हाताशी असावे लागते. भार पुढच्या आणि मागच्या चाकांवर वाटून देणारी जोडणीही घेतली. मात्र शेजाऱ्यांनी बजावले की त्या जोडणीने गाडी सरळ राहते, पण पिवळ्या चिठ्ठीवरचा आकडा वाढत नाही.

माझ्या परतीच्या आधी सामान भरून सगळ्यांना गाडीत बसवले आणि महामार्गावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर नेले. मी शेजाऱ्यांच्या कारने मागून गेले. ट्रेलर जोडून आणि सोडून असे दोनदा वजन केले. ट्रेलर ४,७४० पौंड भरला, दांडीचा भार ६००. चिठ्ठीच्या आत जेमतेम ६० पौंडांनी बसलो. भावाने जळणाच्या मोळ्या उतरवून ठेवल्या. मुक्कामी विकत मिळतातच.

जुलैत मी बेळगावात परतले होते तेव्हा आईचा फोन आला. मिशिगनचे दोन भाग जोडणारा मॅकिनॉ पूल त्यांनी नुकताच ओलांडला होता. १९५७ साली खुला झालेला हा पूल सुमारे ५ मैल लांब आहे. वारा फार सुटला की ट्रेलरवाल्या गाड्यांना तिथे सोबत देऊन सावकाश नेतात किंवा थांबवतात. त्या दिवशी वारा होता, पण थांबवण्याइतका नव्हता. मी विचारले, भीती वाटली का? आई म्हणाली, “खाली बघितलं नाही. पण गाडी डुलली नाही बघ.”

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले-भावंडे तिकडे आहेत. एखाद्या रविवारी फोनवर कोणी नव्या ट्रेलरचा फोटो दाखवला तर त्याची लांबी-रुंदी आणि किंमत विचाराच. पण त्याआधी विचारा, तुझ्या गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीत किती लिहिले आहे, आणि त्यात आम्हाला धरलेस का?