नायक फितूर होतो तेव्हां

मुळशी तालुका म्हटला कीं वडील मंडळींस धरण आठवतें, १९२१ सालचा सत्याग्रह आठवतो, सेनापति बापट आठवतात. त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील अंगास आतां हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्या उभ्या आहेत, आणि तेथें नोकरी करणाऱ्या आपल्या घरच्या तरुणांच्या कपाटांत ज्ञानेश्वरीशेजारीं अमेरिकन कॉमिकांची चळत दिसूं लागली आहे. पंचविशी उलटलेल्या माणसानें चित्रांचीं पुस्तकें वाचावीं काय, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ ज्या पिढीनें मराठींतून वाचला, तिला तो वाद घालण्याचा अधिकारहि नाहीं! आमचें कुतूहल निराळें आहे. आमच्या परिचयाच्या अशाच एका तरुणानें वर्षानुवर्षें मागवलेली ‘कॅप्टन अमेरिका’ ही मालिका एका अंकासरशी बंद केली. आणि तीहि रागानें नव्हे, सुतक पाळावें तशा मुद्रेनें. २०१६ सालीं तिकडील पुष्कळ वाचकांनीं हेंच केलें होतें.

हें दुःख समजण्यास नायकाची जन्मकथा ठाऊक हवी. जो सायमन व जॅक कर्बी या न्यूयॉर्कच्या दोन ज्यू तरुणांनीं हा वीर निर्माण केला. मार्च १९४१ ही तारीख घातलेला पहिला अंक १९४० च्या डिसेंबरांतच विक्रीस आला. मुखपृष्ठावर हा वीर हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावीत आहे, असें चित्र होतें. अमेरिका युद्धांत पडण्यास तेव्हां अजून वर्षभराचा अवकाश होता. हिटलरच्या तेथील भक्तांकडून धमक्यांचीं पत्रें आलीं आणि पोलिसांचें संरक्षण घ्यावें लागलें, असें सायमननें पुढें लिहून ठेविलें आहे.

त्याच वीराच्या नव्या मालिकेचा पहिला अंक २५ मे २०१६ रोजीं निघाला. त्याच्या शेवटीं हा वीर आपल्याच एका सोबत्यास विमानांतून ढकलून देतो आणि ‘हायड्रा’चा जयजयकार करतो. हायड्रा ही कथेंतील कल्पित संघटना. पण तिचा संबंध नाझींशीं जोडलेला. म्हणजे बालपणापासून तो तिचाच हस्तक! हा कोणी तोतया नव्हे, खराच नायक आहे, असें लेखक निक स्पेन्सर यांनीं वर ठासून सांगितलें. उद्यां कोणी लिहिलें कीं विदुर हा पहिल्यापासून शकुनीचाच हेर होता, तर आपली आजी काय म्हणेल, याची वाचकांनींच कल्पना करावी.

नायकाचें मरण वाचक सोसतो. १९९२ सालीं सुपरमॅन मारला गेला तेव्हां तो अंक घेण्यास दुकानांपुढें रांगा लागल्या. पुढल्या वर्षीं तो परतलाहि. उलट, १८९३ च्या डिसेंबरांत कॉनन डॉइल यांनीं शेरलॉक होम्सला दरींत लोटलें, त्या वेळीं ‘स्ट्रँड’ मासिकाच्या वीस हजार वर्गणीदारांनीं वर्गणी बंद केली असें सांगतात. पण त्यांचीहि तक्रार मित्र गेल्याची होती. तो मुळांत चोरांचा साथीदार होता, असें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. मरणानें मागचें वाचलेलें खोटें पडत नाहीं. फितुरीनें पडतें. हरिभाऊ आपट्यांनीं ‘करमणूक’ पत्रांत यमुनेची कथा हप्त्याहप्त्यानें दिली. तिचे हाल वाढत गेले, पण यमुना यमुनाच राहिली.

स्पेन्सर यांच्या बाजूनेंहि एक बोललें पाहिजे. दुसऱ्याच अंकांत उलगडा झाला कीं, एका अद्‌भुत शक्तीनें नायकाचा भूतकाळच पालटून टाकला आहे. कादंबरी असती तर वाचकानें पान उलटलें असतें. मासिकांत मध्यें महिना जातो, आणि महिनाभर मनांत कुढत बसलेला वाचक खुलाशासाठीं थांबतोच असें नाहीं. कित्येकांनीं अंक जाळले. स्पेन्सर यांस जिवे मारण्याच्या धमक्याहि आल्या. हिटलरच्या शत्रूचा कैवार घेऊन धमक्या देणारांस १९४० ची पत्रें आठवलीं नाहींत, हें आश्चर्य. अंक जाळणें आम्हांस निरर्थक वाटतें, कारण त्याचे पैसे आधींच पोंचलेले असतात. वर्गणी बंद करणें मात्र वाचकाचा हक्क आहे.

परंतु त्याचा पहिला मार कोणावर बसतो? अमेरिकेंत हीं कॉमिकें मुख्यतः खास दुकानांतून विकतात. नेहमींचें गिऱ्हाईक आपल्या मालिकांची यादी दुकानांत देऊन ठेवतें. दुकानदार महिने-दोन महिने आधीं मागणी नोंदवितो, आणि न खपलेले अंक बहुधा परत घेतले जात नाहींत. यादींतून नांव खोडलें कीं अंक गल्लींतल्या दुकानदाराच्या गळ्यांत. प्रकाशकाचें काय? बोभाट्यामुळें पहिला अंक त्यांस पुन्हां छापावा लागला! २०१७ सालीं या कथेचा शेवटचा भाग ‘सीक्रेट एम्पायर’ या नांवानें निघाला, तेव्हां मार्व्हल कंपनीनें दुकानदारांकडे हायड्राचें चिन्ह असलेले सदरे जाहिरातीसाठीं धाडले. ज्या दुकानदाराचीं गिऱ्हाइकें त्याच चिन्हामुळें गेलीं, त्यानें तो सदरा अंगांत घालावयाचा!

त्या वर्षीं ऑगस्टांत कथा संपली. खरा नायक परतला, त्यानें खोट्यास हरविलें. ४ जुलै २०१८ रोजीं टा-नेहीसी कोट्स यांच्या लेखणींतून मालिका नव्यानें सुरू झाली. तींत गांवोगांवचे लोक या वीराच्या चेहऱ्याकडे पाहतात, आणि हा कोणता, असें मनांत आणून दोन पावलें मागें सरतात.