आषाढातील अर्जेंटिना : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या तालुक्यात दसरा उलटला की कोयते, भांडीकुंडी आणि लेकरेबाळे घेऊन हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या मुलखाकडे रवाना होतात, आणि जेथे होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीच्या कानिफनाथांचा डोंगर यात्रेकरूंनी फुलून जातो पण एरवी वर्षभरही समाधीचे दर्शन कुणाला बंद नसते, त्या पाथर्डी तालुक्याच्या माणसाला हंगाम आणि बिगरहंगाम यांतला भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. तरीही हाच माणूस जेव्हा निवृत्तीनंतर गाठीशी जमलेल्या पैशांतून, किंवा परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाच्या आग्रहावरून, दक्षिण अमेरिकेच्या सफरीची तजवीज करू लागतो, तेव्हा सहल कंपनीच्या पत्रकातील ‘जून ते ऑगस्ट, बिगरहंगाम’ एवढ्या शब्दांवरून तो संपूर्ण देशाविषयी निष्कर्ष काढून मोकळा होतो : तेथे त्या काळात बर्फ असणार, पाऊस असणार, सारे बंद असणार, आणि म्हणून सारे स्वस्तही असणार. अर्जेंटिनापुरते बोलायचे तर या चारही समजुती देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात खऱ्या ठरतात आणि उरलेल्या देशात खोट्या पडतात. कारण इतक्या लांब, आणि इतक्या उंच पर्वताला टेकून वसलेल्या देशाला एकच एक हंगाम असूच शकत नाही.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतू उलटे असतात हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. परंतु त्याचे कारण विचारले असता चांगला सुशिक्षित मनुष्यही, हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून थंडी पडते, असे उत्तर देतो. वस्तुतः जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लक्ष किलोमीटरांवर असते, तेव्हा उत्तर गोलार्धात उन्हाळा चालू असतो. आणि जानेवारीच्या आरंभी ती सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरांवर येते, तेव्हा आपल्याकडे हुरड्याच्या शेकोट्या पेटलेल्या असतात. ऋतूंचे कारण अंतर नसून पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल हे आहे. या कलामुळेच आपला वर्षातील सर्वांत मोठा दिवस, २१ जूनच्या आगेमागे येणारा, तेथील सर्वांत लहान दिवस असतो, आणि आपल्या ज्येष्ठ-आषाढात तेथे थंडीचा अंमल बसतो.

दक्षिणेकडे जावे तसतसा उष्मा वाढतो, ही आपल्या देशाच्या भूगोलाने आपल्याला लावलेली सवय. अर्जेंटिनात नेमके विपरीत घडते. पाथर्डी १९ उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. अर्जेंटिनाचे उत्तर टोकच मुळी २२ दक्षिण अक्षांशाच्या आसपास सुरू होते आणि दक्षिण टोक ५५ अंशांपर्यंत जाते, म्हणजे उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर भरते. अशा देशात ‘हिवाळ्यात हवा कशी असते?’ या प्रश्नाला, कोणत्या प्रांतात, असा प्रतिप्रश्न केल्यावाचून उत्तर देता येत नाही.

आता बर्फाविषयी. राजधानी ब्वेनोस आयरेस हिवाळ्यात हिमाच्छादित असते असे मानणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी : ९ जुलै २००७. त्या दिवशी, देशाच्या स्वातंत्र्यदिनीच, त्या शहरात बर्फ पडले, आणि लोक हर्षभराने रस्त्यांवर धावून आले. कारण त्यापूर्वीचा असा हिमवर्षाव १९१८ सालचा होता. एरवी जुलैत तेथे दुपारी पंधरा अंश आणि पहाटे सात-आठ अंश एवढीच थंडी असते. आकड्यांवरून ती आपल्या पौषातील थंडीहून फार निराळी वाटणार नाही. परंतु आपली थंडी कोरडी आणि दुपारच्या उन्हाने हटणारी, तर प्लाता नदीच्या विशाल मुखाशी असलेल्या त्या शहराची थंडी दमट आणि हाडांत शिरणारी असते, सबब लोकरीच्या कपड्यांची बेगमी आकड्यांपेक्षा थोडी अधिकच करावी. दक्षिण टोकाच्या उश्वाइया शहराची कीर्ती तर याहून भयंकर. तेथे जूनच्या अखेरीस दिवस जेमतेम सात तासांचा असतो हे खरे, पण सभोवतीच्या समुद्रामुळे जुलैचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित वरच राहते. जवळपास तितक्याच उत्तर अक्षांशावरील मॉस्कोचा जानेवारी त्याहून पुष्कळ कडक असतो.

पावसाचा गैरसमज मात्र अधिक विस्ताराने तपासण्याजोगा आहे, आणि पाथर्डीच्या वाचकाला त्याचा उलगडा नकाशा पाहण्याआधीच होईल. नैर्ऋत्येकडून येणारे मेघ सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात, महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच वाऱ्यांच्या पुढच्या वाटेवर बसलेला आपला तालुका पाचशे-सहाशे मिलिमीटरांची वाट पाहत राहतो, हे पर्जन्यछायेचे दुःख आपण पिढ्यान् पिढ्या भोगत आलो आहोत. अँडीज पर्वत हेच कार्य त्याहून प्रचंड प्रमाणावर करतो. दक्षिण भागात वारे पश्चिमेकडून, पॅसिफिक महासागरावरून येतात. हिवाळ्यात ते चिलीच्या उतारांवर पाऊस आणि माथ्यावर बर्फ ओततात, आणि पलीकडे उतरेपर्यंत इतके शुष्क होतात की पातागोनियाच्या अर्जेंटिनाकडील माळांवर वर्षभरात पुष्कळ ठिकाणी दोन-तीनशे मिलिमीटरांपलीकडे पाऊस जात नाही. म्हणून जुलैत चिलीतील सांतियागोला छत्री लागते, तर पर्वतापलीकडे मेंदोसात स्वच्छ ऊन असते. त्या मेंदोसाच्या द्राक्षमळ्यांचे सारे वैभव मात्र याच हिवाळ्यावर अवलंबून आहे : तेथील पाऊस अवघा दोनशे मिलिमीटरांच्या घरातला, पण माथ्यावर साठलेले बर्फ उन्हाळ्यात वितळते आणि शहरातील रस्त्यांच्या कडेने व मळ्यांतून काढलेल्या पाटांतून ते पाणी खेळवले जाते. पाटांची ही विद्या स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच तेथील वार्पे जमातीला अवगत होती. दुष्काळी मुलखातल्या माणसाने, द्राक्षवेली निष्पर्ण असल्या तरी, हे पाट पाहण्यासाठी मेंदोसाला अवश्य जावे. फक्त तेथून मोटारीने पर्वत ओलांडून चिलीत उतरण्याचा बेत हिवाळ्यात आखू नये, किंवा आखल्यास दोन-चार दिवसांची सवड ठेवावी. कारण बर्फामुळे ती खिंड वारंवार, आणि कधी कधी अनेक दिवस, बंद ठेवावी लागते.

वायव्येकडील तुकुमान, साल्ता आणि हुहुई या प्रांतांत चित्र पुन्हा पालटते. तेथे पाऊस पडतो तो उन्हाळ्यात, डिसेंबर ते मार्च. हिवाळा निरभ्र, कोरडा आणि दुपारी वीस अंशांच्या आसपास रमणारा. या प्रांतांपुरते ‘बिगरहंगाम’ हे विशेषण सर्वथा चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते तुकुमानच्या बाबतीत तर मी आग्रहाने मांडतो. कारण हा छोटा प्रांत देशाची निम्म्याहून अधिक साखर पिकवतो, आणि तेथील ऊसतोडणी व गाळप यांचा काळ नेमका हिवाळ्याचा, साधारणतः मे ते ऑक्टोबर असा असतो. थंड आणि कोरड्या हवेत उसाची वाढ मंदावते व कांड्यांत साखर साठते, हा नियम दोन्ही गोलार्धांत सारखाच. म्हणून आपल्याकडे धुराडी कार्तिकात पेटतात तर तेथे वैशाख-ज्येष्ठात. होसे एउसेबियो कोलोम्ब्रेस नावाच्या धर्मगुरूंनी १८२१ च्या सुमारास तेथे ऊस लावण्यास चालना दिली, १८७६ मध्ये लोहमार्ग पोहोचला, आणि त्यानंतर कारखान्यांची रांग उभी राहिली. कोलोम्ब्रेस यांचे घर आज साखर उद्योगाचे संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

या कारखान्यांना ऊसतोडीसाठी माणसे लागत, ती शेजारच्या सांतियागो देल एस्तेरो आणि कातामार्का या कोरड्या प्रांतांतून हंगामापुरती येत, कुटुंबकबिल्यासह येत, आणि हंगाम संपला की परतत. उचल, मुकादम, कोपी आणि कोयता हे शब्द ज्या घरांत रोज उच्चारले जातात त्या घरांतील माणसाला त्या स्थलांतराचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९६६ मध्ये तेथील लष्करी राजवटीने कारखाने बंद करण्याचे धोरण आरंभले, अकरा कारखाने बंद पडले, आणि हजारो कुटुंबांना प्रांत सोडावा लागला. पुढे यंत्रांनी तोडणी होऊ लागली आणि कोयत्याचे काम फारसे उरले नाही. ज्या नगर जिल्ह्यात १९५० साली प्रवरेच्या काठी, लोणीला, शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि ज्या तालुक्यात आज आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे, तेथील प्रवाशाने तुकुमानचा हा इतिहास प्रत्यक्ष गाळपाच्या दिवसांत जाऊन पाहावा, एवढे त्याचे मोल मला वाटते. याच सान मिगेल दे तुकुमान शहरात ९ जुलै १८१६ रोजी देशाचे स्वातंत्र्य घोषित झाले. ते घर दर्शनास खुले असते, आणि ज्यांना गर्दीचे वावडे नाही त्यांनी ९ जुलैलाच तेथे असावे. आणखी उत्तरेस उमावाकाची दरी लागते. २००३ पासून जागतिक वारशात गणल्या जाणाऱ्या त्या दरीत १ ऑगस्टला लोक भूमातेची, पाचामामाची, पूजा करून जमिनीत खळगा खणून तिला अन्न व पेय अर्पण करतात. त्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होतो आणि रात्री पारा शून्याखाली जातो, याची मात्र पूर्वतयारी हवी.

सारे बंद आणि निर्मनुष्य असते, या समजुतीचे उत्तर दुहेरी आहे. अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या प्रवासी नौका नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटतात. मॅगेलनी पेंग्विन हिवाळ्यात समुद्रात निघून जातात आणि सप्टेंबरनंतर किनाऱ्यावर परततात. पातागोनियातील दीर्घ पदभ्रमणाच्या वाटा बर्फाखाली जातात आणि तिकडची पुष्कळशी निवासस्थाने टाळे लावून बसतात. ६,९६१ मीटर उंच आकोंकाग्वा शिखराचा हंगामही डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच मानावा. हंगाम सरल्यावरच्या अँडीजला कमी लेखू नये. आंध्रचे विख्यात गिर्यारोहक मल्ली मस्तान बाबू मार्च २०१५ च्या अखेरीस अर्जेंटिना-चिली सीमेवरील शिखरावर वादळात सापडून मृत्यू पावले. याउलट पेरीतो मोरेनो हिमनदी वर्षभर पाहता येते, बारिलोचे येथे बर्फावर घसरण्याचे खेळ रंगात असतात, आणि वाल्देस द्वीपकल्पाच्या उपसागरांत जूनपासून देवमासे पिलांना जन्म देण्यासाठी येतात, ते पुएर्तो माद्रिनजवळच्या किनाऱ्यावर उभ्या माणसालाही दिसतात. शिवाय जुलैत तेथील शाळांना हिवाळी सुटी असते, प्रांतवार पाळीपाळीने दोन-दोन आठवड्यांची. त्या दिवसांत बारिलोचे आणि इग्वासूचा धबधबा येथे स्थानिक कुटुंबांचीच एवढी दाटी होते की आगाऊ आरक्षणावाचून गेलेल्याची पंचाईत व्हावी.

स्वस्ताईचे स्वप्नही येथेच विरते. गर्दीच्या ठिकाणी जुलैत दर चढतात, उतरतात ते मे-जूनमध्ये आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात. त्यातही खर्चाचा मोठा भाग मुंबईहून विमानाने जाण्यायेण्याचा असतो, आणि त्यावर तेथील थंडीचा परिणाम होत नाही. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या आप्ताच्या हिशेबावर तर मुळीच विसंबू नये. २०२३ या एका वर्षात त्या देशातील महागाई २११ टक्क्यांनी वाढली. अशा ठिकाणी जुना तपशील कागदावरच शोभतो.

शेवटचा गैरसमज आरोग्याचा, आणि सर्वांत महागात पडणारा. थंडीत डास नसतात, मग पीतज्वराची लस कशाला, असे अनेकजण म्हणतात. परंतु भारत सरकारचा नियम ऋतू पाहत नाही, देश पाहतो. पीतज्वराच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझील आणि पेरू आहेत, चिली नाही. यादीतील देशातून परतणाऱ्याजवळ लसीचा दाखला नसेल तर त्याला विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार आरोग्य अधिकाऱ्यांना आहे, मग तो प्रवासी कडाक्याच्या थंडीत राजधानीतच राहून आलेला का असेना. लस केंद्र शासनाने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, दाखला टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो, आणि २०१६ पासून तो तहहयात ग्राह्य धरला जातो, पूर्वीप्रमाणे दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही. साठी उलटलेल्यांना या लसीचे दुष्परिणाम होण्याची शक्यता किंचित अधिक असते, आणि आपल्याकडून जाणारे बहुतेक याच वयाचे असतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर तसे प्रमाणपत्र मिळते का, व ते कितपत चालते, याची चौकशी त्या केंद्रातच करावी.