आफ्रिकेहून येताना दाणाही आणू नका!

पनवेल तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका शेतकरी जोडप्याला मुलाने केनियात मसाईमाराची सफारी घडवली. सिंह पाहिले, हत्ती पाहिले. परतायला दोन दिवस उरले, तोच बाजारात मक्याची टपोरी कणसे दिसली. शेतकऱ्याचा जीव तो! फोनवर विचारले, "साहेब, परसात लावायला चार आणू का?" मी म्हटले, "दादा, एक दाणाही नको!"

बंधुभगिनींनो, कारण ऐका. पावसाळ्यात आपली भाजी फस्त करणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेचीच. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने ती मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडली. हौस एकाची, भुर्दंड साऱ्या देशाला! मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आढळली आणि २०१८ साली कर्नाटकात. ताज्या कणसात अशी अळी लपलेली असू शकते.

तेव्हा परतीची पिशवी भरताना एवढे पाळा. बी, रोप, फळ, माती घेऊ नका. बियाण्याला आयात परवाना आणि रोग-किडीमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. बुटांच्या तळाची माती तिथेच धुऊन टाका. हस्तिदंती वस्तू घेऊ नका. पीतज्वराच्या लसीचा दाखला हाताशी ठेवा. ही लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते.

काकूंनी येताना मण्यांची माळ आणली. शेतात मात्र यंदाही कर्जतचेच भात पेरले!