थंडीतला मुक्काम, बंदूक आणि परदेश

आपल्याकडे थंडी म्हणजे हुरडा, भोगीची भाजी आणि पहाटेपुरती शाल. त्यामुळे थंडीपासून पळ काढण्यासाठी चार-चार महिने देश सोडून जायचं, ही कल्पना आपल्याला जरा गमतीची वाटते. पण कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरात जानेवारीत रात्रीचा पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. दारापुढचा बर्फ रोज फावड्याने उपसावा लागतो. सत्तरीच्या माणसाला ते झेपत नाही, शिवाय पाय घसरून खुब्याचं हाड मोडण्याची धास्ती असतेच. म्हणून नोकरीतून मोकळी झालेली हजारो माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेचा रस्ता धरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. युरोपातही हेच चालतं. आपल्या गोव्यात थंडीभर मुक्काम ठोकणारी ब्रिटिश आणि रशियन मंडळी याच जातकुळीतली.

या मंडळींपैकी काहींना ऊन आणि स्वस्ताई यांखेरीज तिसरी गोष्ट हवी असते, ती म्हणजे शिकार. कॅनडाच्या, जर्मनीच्या किंवा फिनलंडच्या ग्रामीण भागात शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक नाही. आपल्याकडे कोकणातला माणूस गळ घेऊन खाडीवर जातो, तितकी ती साधी बाब आहे. वर्षाला ठरावीक हरणं मारायची, मांस शीतपेटीत भरून ठेवायचं आणि वर्षभर खायचं. शिकार चांगली की वाईट, हा आजचा विषय नाही. ज्याला ती कायद्याने करायची आहे, त्याने देश कसा निवडावा, एवढंच पाहायचं आहे.

बहुतेक जण आधी तापमानाचा नकाशा पाहतात, मग घरभाडं पाहतात आणि शिकारीची चौकशी तिथे पोचल्यावर करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ऊन पुष्कळ देशांत आहे आणि स्वस्त देशही कमी नाहीत. शिकार मात्र कॅलेंडरला, कायद्याला आणि जमिनीच्या मालकीला बांधलेली असते. ती बांधलेली गाठ आधी पाहावी.

कॅलेंडरचंच घ्या. शिकार म्हटलं की आफ्रिका आठवते. नामिबिया हा त्यातला शांत, रस्ते चांगले असलेला, जर्मन भाषा बऱ्याच ठिकाणी चालणारा देश. २०२२ साली कुनोत आलेले पहिले आठ चित्ते तिथलेच. पण नामिबियात शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारीला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. म्हणजे उत्तरेकडचा माणूस ज्या डिसेंबर-जानेवारीत थंडीने काकडत असतो, नेमके तेच दोन महिने तिथे शिकार बंद. कारण सरळ आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा उन्हाळा असतो, पाऊस पडत असतो, गवत वाढलेलं असतं आणि जनावरं पाणवठ्यांवर न येता पांगलेली असतात. उत्तर भागात मलेरियाचाही हाच काळ. दक्षिण आफ्रिकेतही मुख्य हंगाम मे ते ऑगस्ट हा, म्हणजे तिथला हिवाळा. तेव्हा आफ्रिका ही शिकारीच्या सहलीला उत्तम, थंडीच्या मुक्कामाला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस जाऊन एप्रिलमध्ये परतणाऱ्याला नामिबिया जमेल, पण तोवर घरचा हिवाळा बराचसा सोसून झालेला असतो.

तरीही तिथली एक व्यवस्था सांगण्यासारखी आहे. १९९६च्या कायद्याने गावसमूहांना आपल्या हद्दीतल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले. परदेशी शिकारी जी फी भरतो ती गावाच्या संस्थेकडे जाते आणि मांसही गावात वाटलं जातं. जनावर जिवंत राहण्यात गावाचा फायदा असला, की गाव त्याला चोरट्या शिकाऱ्यांपासून जपतं. हा हिशेब सगळीकडे इतका नीट जुळत नाही, पण तिथे तो बऱ्यापैकी जुळला आहे.

कॅलेंडरची अडचण नसलेला दक्षिणेतला देश म्हणजे अर्जेंटिना. तिथल्या कोर्दोबा प्रांतात आपल्या होल्याचा एक भाऊबंद लाखांनी असतो. तो शेतातलं धान्य फस्त करतो म्हणून बारमाही मारायला परवानगी आहे. एकेक पाहुणा दिवसाला हजार-हजार काडतुसं उडवतो आणि बिलात काडतुसांचाच आकडा मोठा असतो. मला स्वतःला हा प्रकार शिकारीपेक्षा कारखान्यासारखा वाटतो, जमिनीत साठत जाणाऱ्या शिशाचा प्रश्न वेगळाच. अर्जेंटिनाच्या स्वस्ताईचाही भरवसा नाही. डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या सरकारने पेसोची किंमत एका फटक्यात निम्म्याहून खाली आणली. त्यानंतर महागाई इतकी भडकली, की २०२४मध्ये डॉलर घेऊन आलेल्यांनाच तो देश महाग वाटू लागला. परकी चलनावर पेन्शन घेणाऱ्याने ‘स्वस्त देश’ हा शब्द नेहमी साल लावून वाचावा.

न्यूझीलंडमध्ये उलटी गंमत आहे. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणून सोडली आणि ती इतकी माजली की जंगलं ओरबाडू लागली. आपल्या हिमालयातला थार हा रानबकराही १९०४ साली तिथे सोडला गेला. आता त्याची संख्या दहा हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही, असं सरकारी धोरण आहे. त्यामुळे सरकारी वनजमिनीवर हौशी शिकाऱ्याला परवाना फुकट मिळतो आणि बहुतेक ठिकाणी हरणाला हंगामाचंही बंधन नाही. शिकार जवळजवळ मोफत, पण विमानाचं तिकीट, घरभाडं, भाजीपाला सगळं महाग. ज्याचा मुलगा किंवा मुलगी तिथे स्थायिक आहे, त्याच्यासाठी मात्र याहून चांगली जागा नाही.

युरोपातल्या माणसाला जवळचं ठिकाण स्पेन. तिथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम असतो. लाल पायांचे तित्तिर, रानडुकरं, सांबरासारखी मोठी हरणं, सगळं थंडीत. आपल्याकडे जुन्या काळी हाका घालून जनावर उठवत तशीच तिथली पद्धत आहे, फक्त कुत्र्यांच्या मोठ्या टोळ्या घेऊन. शिकारीचा परवाना घ्यावा लागतो. तित्तिरांच्या हाक्याचा दिवस चांगलाच महाग पडतो, डुकरांचा त्या मानाने परवडतो. ब्रिटिशांची मात्र पंचाईत झाली आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१पासून त्यांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ज्यांनी तिथे घरं घेऊन ठेवली होती, त्यांनाही पूर्ण हिवाळा काढायचा तर वेगळा व्हिसा मिळवावा लागतो. म्हणून काही जण अर्धी थंडी स्पेनमध्ये आणि अर्धी समुद्रापलीकडे मोरोक्कोत काढतात. अगादीरच्या आसपास थंडीत फ्रेंच पेन्शनरांची मोटारघरं ओळीने उभी असतात. मोरोक्कोत डुकराचं मांस खाणारे नाहीत, त्यामुळे रानडुकरं फोफावतात आणि पिकं उकरतात. परदेशी शिकारी आला तर शेतकऱ्याला तो पाहुण्यापेक्षा मदतनीस वाटतो. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

विदर्भाचा विषय निघालाच आहे तर टेक्सासकडे वळू. अमेरिकेच्या या राज्याचं दक्षिण टोक, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेली रिओ ग्रांदे नदीची खोरं, हे कॅनडातून आणि उत्तर अमेरिकेतून येणाऱ्या पेन्शनरांचं जुनं माहेरघर. मॅकॅलन आणि हार्लिंजनच्या भागात मोटारघरांचे मोठमोठे तळ आहेत. तिथे या लोकांना ‘विंटर टेक्सन’ असंच नाव पडलं आहे. त्याच पट्ट्यात किंग रँच या प्रचंड पशुक्षेत्रावर १९३०च्या सुमारास नीलगायी सोडल्या गेल्या. होय, आपल्या नीलगायी, विदर्भात ज्यांना रोही म्हणतात त्याच. तिथलं काटेरी झुडपांचं माळरान त्यांना आपल्या मुलखासारखंच मानवलं आणि आज त्या हजारोंनी आहेत. गुरांना घातक ताप आणणाऱ्या गोचिडी त्यांच्या अंगावरून सीमा ओलांडतात, म्हणून पशुवैद्यक खातंही त्यांच्यावर नाराज. परदेशी जनावर असल्यामुळे त्यांना बंद हंगाम नाही. चितळ आणि काळवीट यांचंही तेच. जे काळवीट मारल्याबद्दल आपल्याकडे तुरुंग होतो, ते टेक्सासच्या कुंपणाआड दरपत्रक लावून मारता येतं. नीलगायीचं मांस तिथे आवडीने खाल्लं जातं, आणि मादीची शिकार नराच्या मानाने बरीच स्वस्त पडते.

टेक्सासात जमीन बहुतेक खासगी आहे, त्यामुळे परवान्याखेरीज जमीनमालकालाही पैसे द्यावे लागतात. शिवाय ‘उबदार’ हा शब्द तिथेही सावधपणे घ्यावा. फेब्रुवारी २०२१मध्ये संपूर्ण राज्य गोठलं, वीज गेली आणि माणसं दगावली. कॅनेडियन पाहुण्याला आणखी एक काळजी. २०२५पासून तीस दिवसांहून अधिक राहणाऱ्यांना अमेरिकेत सरकारी नोंदणी सक्तीची झाली आहे.

नदी ओलांडली की मेक्सिको. माझ्या मते कॅनडातल्या माणसाच्या तिन्ही इच्छा एकत्र बसण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच आहे, आणि फसगतही इथेच मोठी होऊ शकते. सोनोरा राज्यात कॅलिफोर्नियाच्या आखातावर सान कार्लोस नावाचं गाव आहे. जानेवारीत दुपार उबदार. राहणं-खाणं अमेरिकेपेक्षा बरंच स्वस्त, आणि दातांचे दवाखाने तर इतके स्वस्त की सीमेवरचं लोस आल्गोदोनेस हे गाव दंतवैद्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. होल्यांचा आणि लाव्यांचा हंगाम थंडीतच असतो. वाळवंटी हरणाचे नर डिसेंबरअखेर माजावर येतात तेव्हा त्यांची शिकार होते, पण तिला हजारो डॉलर मोजावे लागतात. पेन्शनवाल्याने पाखरांवर समाधान मानावं हे बरं.

तिथला २०००चा वन्यजीव कायदा असा, की जमीनमालकाने किंवा गावाने आपली जमीन नोंदवायची, जनावरांची मोजणी करायची आणि त्यावरून सरकार किती मारता येतील ते ठरवून तेवढेच बिल्ले देणार. बिल्ला नसेल तर शिकार नाही. याचं ठळक उदाहरण तिबुरोन बेट. १९७५ साली तिथे वळणदार शिंगांचे वीस रानमेंढे सोडले. वीस वर्षांत ते पाचशेच्या घरात गेले. मोजक्या नरांच्या शिकारीचे परवाने लिलावात लाखभर डॉलरच्या पुढे गेले, आणि तो पैसा बेटाचे मालक असलेल्या सेरी आदिवासींना आणि संवर्धनाला मिळाला. मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर जिथे मेंढे संपले होते तिथेही या बेटावरचे नेऊन सोडले. पुढे बेटावरच्या एका गुहेत दीड हजार वर्षांपूर्वीच्या लेंड्या सापडल्या, म्हणजे हे जनावर तिथे पूर्वीही होतं!

आता फसगतीविषयी. मेक्सिकोत नागरिकांना बंदूक विकण्याचा अधिकार फक्त लष्कराच्या दुकानाला आहे. बाहेरून आणायची तर संरक्षण मंत्रालयाचा परवाना आधी हातात हवा. तो शिकार घडवून आणणाऱ्या संस्थेमार्फत काढावा लागतो, त्याला आठवडे लागतात, आणि लष्करी मापाची हत्यारं चालत नाहीत. गाडीच्या कोपऱ्यात विसरून राहिलेली चार काडतुसं सापडली, तरी तो गंभीर गुन्हा ठरतो. अमेरिकेत गाडीत काडतुसं असणं कुणाला खटकत नाही, म्हणूनच नदीच्या या पारची सवय त्या पार अंगाशी येते. सोनोराच्या काही भागांत टोळ्यांचा हिंसाचारही आहे, तेव्हा रात्री हमरस्त्यावर निघू नये. मुक्कामाची परवानगी जास्तीत जास्त १८० दिवसांची असते, पण किती दिवस द्यायचे हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो, म्हणून शिक्क्याखालचा आकडा तिथल्या तिथे वाचावा.

घरचं सरकारही विसरून चालत नाही. ओंटारिओ प्रांताचा मोफत औषधोपचार चालू ठेवायचा तर बारा महिन्यांतले किमान १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं. परदेशातल्या इस्पितळाच्या बिलाचा फारच थोडा भाग तो प्रांत देतो. त्यामुळे खासगी विमा हवाच, आणि आधीपासून असलेल्या रक्तदाबाबद्दल, हृदयविकाराबद्दल त्यात काय अटी आहेत हे बारीक अक्षरांत पाहावं. शिकारीतला अपघात त्यात धरला आहे का, हेही विचारावं. स्वस्त देशाची सगळी स्वस्ताई इस्पितळातल्या चार रात्री गिळून टाकतात.

वाचकांच्या मनात येईल, की ऊन आणि स्वस्ताई हवी तर आपला देश काय वाईट? १९५०-६०च्या दशकांत परदेशी शिकारी इथे खरोखरच येत. नागपूरहून मध्य भारताच्या जंगलांत वाघाच्या शिकारीला पाहुणे नेणारा व्यवसाय जोरात चाले, आणि परकी चलन मिळतं म्हणून सरकारलाही तो हवा होता. मग वाघच संपत आले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर पडदा टाकला आणि १९९१च्या दुरुस्तीने उरलेले परवानेही गेले. गोव्यात थंडी काढणाऱ्या पाहुण्याने बंदूक मायदेशीच ठेवलेली बरी.

खरं तर इतर देशांतही तोच सल्ला बऱ्याचदा योग्य ठरतो. आपली बंदूक कितीही लाडकी असली, तरी ती विमानातून नेण्यात विमान कंपनीची फी, सीमेवरचे तास आणि मधल्या विमानतळावरच्या देशाचे वेगळे नियम येतात. शिकार घडवणारे बहुतेक जण बंदूक भाड्याने देतात. होल्यांवर चार सकाळी घालवायच्या असतील, तर भाड्याची छऱ्याची बंदूक पुरते.